पडद्याखाली गेलेलं बटण

नायगावच्या खाडीकाठी असलेल्या बर्फाच्या फॅक्टरीत यंत्रं चालवायचा नवा स्क्रीन बसवून क्षितिजा निघायच्या तयारीत होती. सगळं मराठीत हवं, ही ऑपरेटर क्लेमेंटकाकांची अट. "इंग्लिश वाचीपर्यंत गॅस भाईंदरला पोचंल," ते म्हणाले होते.

तेवढ्यात मशीनरूममध्ये फटकन आवाज झाला. आतून काकांचा मदतनीस मेलरॉय डोळे चोळत, खोकत धावत आला. "अमोनिया! पाइप सुटला!"

काकांनी भिंतीवरचा लाल स्विच दाबला. यंत्र थांबलं, पण बर्फ गोठवणारा टाकीतला अमोनिया गॅस सुटतच राहिला. टाकीचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करायचा तर तो स्क्रीनवरूनच. काका स्क्रीनसमोर गेले आणि थबकले.

"बाय, बटन कुठंय?"

क्षितिजाने वाकून पाहिलं. वर तांबडी पट्टी झळकत होती, गळतीची सूचना, चांगली दोन ओळींची. तिच्या ओझ्याने बाकीचं सगळं खाली सरकलं होतं, आणि सर्वांत खालचं 'टाकी बंद' पडद्याच्या बाहेर गेलं होतं. एकेक बटण तिने स्वतः दाबून पाहिलं होतं. पण तेव्हा ही पट्टी नव्हती.

"मी आत जातो. हातानं फिरवतो." काकांनी टॉवेल पाण्यात बुडवला. मास्क आतच खुंटीला होता.

"काका, नको! टॉवेलने काही होणार नाही. मला जरा वेळ द्या."

तिने लॅपटॉपची केबल खोचली आणि स्क्रीनची फाइल उघडली. कुठे पट्टी, कुठे आकडे, कुठे बटण, सगळं टॅगमध्ये, म्हणजे चौकट उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या ओळींच्या जोडीत, लिहिलेलं. चौकटीच्या आत चौकट, फाइलमध्ये जे वर ते पडद्यावर वर. बटणाच्या ओळी तळातून कापून तिने पट्टीच्याही वर चिकटवल्या आणि स्क्रीन पुन्हा सुरू केला.

पडदा कोराच राहिला. आता तर पट्टीही नव्हती.

दाराच्या फटीतून येणाऱ्या वासाने डोळ्यांना धार लागली. मेलरॉय नळाखाली तोंड धरून ओरडत होता, "बाहेर चला रे!"

"हे तर सगळंच गेलं," काका म्हणाले आणि दाराकडे वळले.

"थांबा!" क्षितिजा किंचाळली. ओळी धूसर दिसत होत्या. बाहीने डोळे पुसत ती एकेका टॅगवर बोट ठेवत गेली. बटणाची चौकट उघडली होती, पण बंद झालीच नव्हती. घाईत शेवटची ओळ कापायची राहिली होती. तिने ती तळातून उचलून वर जागेवर लावली.

पडदा उजळला. सगळ्यात वर 'टाकी बंद'.

"दाबा!"

काकांनी तळहातानेच दाबलं. आतला फुसफुसाट बारीक होत थांबला. तिघेही खाडीकडे, वारा येत होता त्या बाजूला धावले.

अग्निशमन दलाच्या लोकांनी पाणी मारून खोली धुतली. मेलरॉयच्या डोळ्यांना डॉक्टरांनी थेंब दिले. नजर शाबूत होती.

"माझी चूक आहे, काका," क्षितिजा म्हणाली.

"आनि मास्क आत कोनी टांगला? मीच ना!"

ती त्या दिवशी घरी गेली नाही. खोली निवळल्यावर तिने एकेक धोक्याची सूचना मुद्दाम लावली, आणि प्रत्येक वेळी काकांना विचारलं, "आता दिसतंय?" ते बटणावर बोट ठेवून "दिसतंय" म्हणेपर्यंत ती पुढच्या सूचनेला हात लावत नव्हती.