चादरीचा प्रवेश

मला लोक पहिल्यांदा हसले तेव्हा मी सहाव्या रांगेत बसले होते. स्टेजवर एक जाडी बाई हातात बेडपॅन घेऊन, कुल्ले हलवत, गाणं म्हणत आली आणि चारशे माणसं खो खो हसली. ती बाई म्हणजे मी.

मी जाडी नाही. आणि बेडपॅन नेताना माणूस श्वास रोखून धरतो, गातो कुठला.

नाटक लिहिलं आणि बसवलं पोरीने. पोर माझी नाही, पेंटरची आणि थोरलीची. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. थोरली त्याची बायको होती, मग त्यांचा घटस्फोट झाला, आणि पुढे नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर राहिले. लग्न केलं नाही. दोघांनाही घाई नव्हती, आणि मग वेळच राहिला नाही. एक दिवस पाटीवरच्या अक्षराला वळण देताना त्याचा हात थरथरला. नसांचा आजार निघाला. आधी बोटं गेली, मग दंड, मग पाय. चौऱ्याऐंशी किलोचा गडी मला एकटीला उचलेना, तेव्हा थोरलीला फोन मीच केला. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला. ती एक बॅग आणि चौदा वर्षांची पोर घेऊन आली आणि चार वर्षं राहिली, तो जाईपर्यंत.

ही कोण, ती कोण, म्हणून शेजारी विचारायचे. थोरलीने पहिल्याच आठवड्यात निकाल लावला. पोरीला म्हणाली, "हिला मावशी म्हण. म्हणजे ही माझी बहीण झाली. बहिणीबहिणी भांडल्या तर कुणी काही म्हणत नाही."

भांडलो आम्ही. पोटभर भांडलो.

तर नाटकात तिचं नाव 'पहिली' आणि माझं 'दुसरी'. पहिल्या अंकाच्या शेवटी पहिली पेंटरच्या डोक्याखाली उशी सारते आणि गाते. त्या गाण्याला आख्खं थिएटर नाक ओढतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक टकल्या तर चष्मा काढून शर्टाला पुसत होता. खरी गोष्ट सांगते. दुपारी चारला, म्हणजे नाटकात ते गाणं येतं त्या वेळेला, थोरली बस डेपोत माइकसमोर बसून कुठली गाडी कितव्या फलाटावर लागली ते सांगत असायची. उशी मी सारायचे. गात नव्हते. नळीने त्याच्या घशातला कफ ओढत होते.

मध्यंतरात बायकांच्या संडासापुढे रांग होती. माझ्या मागच्या दोघी बोलत होत्या.

"ती पहिली काय करते गं. एकदा सोडलेल्या नवऱ्याचं एवढं करायचं म्हणजे."

"माझ्याच्याने झालं नसतं. मी सोडला असता तर सोडलाच असता."

"तू कसली सोडतेस. मोजे तरी सापडतात का त्याला तुझ्याशिवाय?"

"आणि ती दुसरी, अगं, काय वेंधळी. हसून हसून पोट दुखलं माझं."

"असली घरं असतात का पण खरंच?"

"असतील. नाहीतर एवढं बारीकसारीक सुचेल कुणाला?"

मी आत गेले, कडी लावली आणि नुसतीच उभी राहिले. बाहेर आले तर थोरली कॉफीच्या काउंटरपाशी होती. राखाडी साडी, केस नीट, आणि समोर माणसं रांग लावून तिचा हात हातात घेत होती. "तुम्हीच ना त्या?" ती मान खाली घालून हसत होती. ते हसू मला माहीत आहे. मी केलेला चहा स्वतः ट्रेमधून पाहुण्यांपुढे न्यायची तेव्हा ती असंच हसायची. मी कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. मला कुणी विचारलं असतं तरी काय सांगणार होते? ती बेडपॅनवाली ती मी?

पुन्हा गेले. पुढच्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला, त्याच्या पुढच्याही. खरूज खाजवू नये हे कळतं, पण हात जातो.

सगळ्यात मोठा हशा पिकायचा चादरीच्या प्रवेशाला. दुसरी चादर बदलायला जाते, चादरीत स्वतःच गुंडाळली जाते आणि पेंटर धप्पकन खाली पडतो. मी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला आहे. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी दिवसभर माझ्या हातांखालून जातात. मी चादरीत गुंडाळले जाणार?

तिसऱ्या प्रयोगानंतर पोरीला विंगेत गाठलं. ती आता तिशीची आहे, पण माझ्यासमोर अजून नखं खाते.

"मला जोकर का केलंस?"

"जोकर नाही गं मावशी. दोन तास नुसतं आजारपण दाखवलं तर लोक उठून जातील. कुणीतरी हसवायला हवं. घरात तूच हसवायचीस."

"मी पाडते त्याला तुझ्या नाटकात."

"बाबा पडले होते की."

"एकदा. चार वर्षांत एकदा."

"आणि किती हसले होते."

पडला होता, खरं आहे. त्या दिवशी पलंगाच्या चाकाचा खटका लावायचा राहिला. मी त्याला कुशीवर वळवला, पलंग सरकला, तो माझ्यावर आला आणि आम्ही दोघं फरशीवर. मी खाली, तो वर. आधी मी घाबरून मेलेच. मग बघते तर हा हसतोय. बोलणं तोवर बंद झालं होतं, नुसता घशातून आवाज, पंक्चर टायरसारखा, आणि डोळ्यांतून पाणी. मग मलाही हसू आवरेना. थोरली दारात उभी होती, हातात टॉवेल, मागे पोर. थोरली हसली नाही. "आधी उचला त्याला," म्हणाली. त्यानंतर तो कधी तसा हसला नाही.

"तेव्हा तो माझ्याबरोबर हसत होता," मी पोरीला म्हटलं. "हे लोक मला हसतात. फरक कळतो ना तुला? एवढी शिकलीस."

तिने दुसरीचं काम करणाऱ्या नटीकडे बघितलं. मग म्हणाली, "तिला दाखव तू चादर कशी बदलायचीस ते. एका प्रयोगापुरतं करून बघू."

नटी रंग पुसत होती. स्वभावाने बरी होती. म्हणाली, "अहो मावशी, पण माझा लाफ्टर जाणार ना मग."

"जाऊ दे."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला. आख्ख्या नाटकात तेवढाच तर हातचा आहे माझ्याकडे."

पण शिकली. स्टेजवरच्या पलंगावर मी तिला सगळं दाखवलं. त्याचा पलीकडचा गुडघा उभा करायचा. एक हात खांद्यावर, एक कंबरेच्या हाडावर, आणि ओढायचं नाही, स्वतःचं वजन मागे न्यायचं, तो आपोआप कुशीवर येतो. मळकी चादर लांबीत गुंडाळत त्याच्या पाठीशी न्यायची, कोरी तिच्या शेजारी अर्धी उलगडायची. मग त्याला दोन्ही गुंडाळ्यांवरून अलगद पलीकडे घ्यायचं. पाठीखाली एक सुरकुती राहिली तर तिथे उद्या जखम होते, म्हणून तळहात फिरवून बघायचं. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली. पेंटर झालेला नट हे सगळं होईतो झोपी गेला. नटीने चार वेळा केलं. पाचव्या वेळी माझ्यासारखं जमलं. माझ्यासारखं म्हणजे अगदीच माझ्यासारखं. शेवटी उशीवर एक चापट मारायची माझी सवयही तिने उचलली, आणि ती मी दाखवलीही नव्हती.

रविवारी दुपारी मी जाऊन बसले. थोरली येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मी ऐकलं, तू नाटकात ढवळाढवळ केलीस."

"चुकीचं होतं ते बरोबर केलं."

"बरोबर आणि तू."

चादरीचा प्रवेश आला. नटी गायली नाही. वाजवणाऱ्यांनीही हात थांबवले. तिने गुडघा उभा केला, वजन मागे नेलं, तळहात फिरवला. चारशे माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. चादर अशी बसली की मीही नाव ठेवू शकले नसते. तिने उशीवर चापट मारली आणि टाळ्या आल्या. पाऊण मिनिट. पहिलीच्या गाण्यालाही एवढ्या येत नाहीत.

"हात बघितलेस तिचे?" मागून एक माणूस म्हणाला. "काय बाई आहे. ग्रेट."

झालं. मागितलं ते मिळालं होतं. हसू गेलं होतं. आणि मी खुर्चीत जळत बसले होते, कारण टाळ्या तिला होत्या. हात माझे, नाव तिचं. थोरलीचा हेवा निदान जुना होता, अंगवळणी पडला होता. हा नवा होता आणि चावत होता.

प्रयोग संपल्यावर पोरीने प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्या होत्या. नट पायऱ्यांवर बसले, एक माइक प्रेक्षकांत फिरू लागला. मागच्या त्या माणसानेच विचारलं, "दुसरीचं काम करणाऱ्या ताईंना विचारायचंय. ते चादर बदलणं कुठे शिकलात?"

नटीने पोरीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाली, "आजीचं केलंय मी घरी. हातात असतंच ते आपल्या."

बायका चुकचुकल्या. मी उठले. पण थोरलीचा जन्म माइकसमोर गेलेला. माझ्याआधी तिने हात लांब केला आणि माइक घेतला.

"मी पहिली," ती म्हणाली. थिएटर वळलं. "चादर कशी बदलायची ते ह्यांना शिकवलं हिने. माझ्या शेजारी उभी आहे ती. दुसरी." माणसं माझ्याकडे बघू लागली. नटी बुटाची लेस बघू लागली. थोरली तिथे थांबली असती तर मी जन्मभर तिचे उपकार मानले असते.

थांबली नाही. "पण आज तुम्ही एक गोष्ट बघितली नाहीत," म्हणाली. "तो एकदा पडला होता." आणि सांगत सुटली. पलंगाचा खटका, सरकलेलं चाक, त्याचं वजन. काय रंगवून सांगत होती. लोक आधीच हसायला लागले होते, चांगलं हसू, आत घेणारं. माझं पडणंही तिने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. "आणि मग आम्ही तिघंही फरशीवर," ती म्हणाली. "तो मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. आणि तो हसतोय. असा हसतोय."

तिचा आवाज कापला. डेपोतल्या माइकवर तो कधी कापला नसेल.

तेव्हा कळलं मला. टाळ्या, गाणं, उशी, हस्तांदोलनं, सगळं तिच्याकडे होतं आणि तिला हवी होती ती फरशी. सोळा वर्षं ती त्या दारातच उभी होती.

मी माइक तिच्या हातातून घेतला. ओढूनच घ्यावा लागला.

"तिघं नाही," मी म्हटलं. "दोघं. ही दारात होती."

हसू विरत गेलं. स्टेजवर पोर नखं खायची थांबली. कुणीतरी तिला विचारलं, "खरं काय?" तिने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "मावशी म्हणते तसं. मी आईच्या मागे उभी होते."

थोरली खाली बसली. मांडीवरची पर्स सरळ केली. फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "एवढंही दिलं नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

मग माइक तोंडाशी धरला आणि तो कसा हसला, ते मी लोकांना सांगायला लागले.