पटावरची चोरी

मी गोट्यांच्या खेळाचा पट बोलतोय. माझ्या अंगावर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खळगे आहेत. माझा मालक कुबान; त्याच्या सासऱ्याने मला अक्रोडाच्या लाकडातून कोरलं आणि लेकीच्या, उमसुनायच्या, लग्नात देऊन टाकलं. उन्हाळाभर मी कपाटावर धूळ खात पडतो. आमच्या डोंगराळ नारिनमधली सगळी माणसं तेव्हा मेंढ्यांमागे कुरणांवर असतात. थंडी पडली की मात्र माझ्यावाचून घरात कुणाचं पान हलत नाही.

यंदाची थंडी भलतीच होती. दाराबाहेर श्वास सोडला तर मिशीवर बर्फ धरायचा. शेजारचा म्हातारा मोम्बेक, सगळ्यांचा 'आके' म्हणजे थोरला दादा, बायको गेल्यापासून एकटाच. रोज सकाळी येऊन तो शेगडीपाशी मांडी ठोकून बसायचा. उमसुनाय मीठ घातलेला दुधाचा चहा ओतत राहायची आणि कुबान हरत राहायचा.

त्या दिवशीही तो हरतच होता. मोम्बेकला खोकल्याची उबळ आली, त्याने तोंड फिरवलं, तेवढ्यात कुबानने त्याच्या जिंकलेल्या गोट्यांतल्या काही आपल्याकडे सरकवल्या. मला ते बोटांच्या घाईवरूनच कळलं.

डाव संपल्यावर मोम्बेक गोंधळला. "अरे, माझ्या जास्त व्हायला हव्या होत्या."

"म्हणजे मी चोरल्या?" कुबान उसळला. "आके, वय झालं तुमचं. मोजता येत नसेल तर खेळू नका!"

मोम्बेकने कानटोपी ओढली आणि घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुबानने बायकोला खेळायला बसवलं, पण त्याचं लक्ष खिडकीकडे.

"अहो, आकेंच्या धुराड्यातून धूर दिसत नाही," उमसुनाय म्हणाली.

"रुसलाय म्हातारा. येईल."

"माणसावर रुसला म्हणून कुणी शेगडीवर रुसतं का?"

कुबान ताडकन उठला. कोट चढवला, मला काखेत मारलं आणि धावत निघाला.

मोम्बेक गोधड्यांखाली पडून होता. कोळसा आणायला अंगणात गेला, बर्फावरून घसरला, कमरेत उसण भरली. कसाबसा रांगत आत आला होता. पायाची बोटं काळीनिळी झालेली. कुबानने शेगडी पेटवली आणि ते गार पाय सदऱ्याच्या आत, आपल्या पोटाशी धरून बसला.

"हाक का नाही मारलीत, आके?"

"कोणत्या तोंडाने मारू? तुझ्यावर आळ घेतला मी. खरंच रे, आता मोजता येत नाही मला."

कुबानचे ओठ हलले. वाटलं, आता सांगेल.

"चहा करतो," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी दोन बोटं कापली. मोम्बेक आता आमच्याकडेच राहतो. कुबान त्याला उचलून शेगडीपाशी बसवतो, मऊ मांस निवडून त्याच्या ताटात वाढतो. म्हातारा कृतज्ञतेने हसला की कुबानची मान खाली जाते. डाव संपला की मोम्बेक आपल्या गोट्या त्याच्यापुढे लोटतो. "तूच मोज बाबा. तुझ्यावर भरवसा आहे."

कुबान मोजतो, एकेक गोटी, मोठ्याने.

मला तोंड नाही, कुबान. तुला आहे. म्हातारा समोरच बसलाय, अजून ऐकू येतंय त्याला. सांगून टाक रे.