महाराज, हात सोडा

"लिहिलान! मुक्या पोराने लिहिलान!"

गोदाकाकी किंचाळली आणि महाराजांच्या दर्शनाला मंडपात जमलेली सगळी माणसं ताडकन उभी राहिली. पुढे पाटावर माझा भाऊ ओमकार, सात वर्षांचा. समोर परातीत तांदूळ. त्याचं बोट महाराजांच्या मुठीत आणि तांदळात दोन अक्षरं: आई.

माझी आई तिथंच ढसाढसा रडायला लागली.

ओमकारला ऑटिझम आहे. बोलत नाही, नजर देत नाही. दर बुधवारी लांज्याहून नम्रताताई आमच्या अंगणवाडीत येते, अशा पोरांच्या आयांना शिकवायला. पोराला तहान लागली की पेल्याचं चित्र पुढे ठेवा, मनात दहा आकडे मोजा, त्याला वेळ द्या. सहा महिने तेच! मला तर जांभया यायच्या. आई मात्र काजू सोलायचं काम अर्धा दिवस सोडून जायची. गेल्या महिन्यात ओमकारने ते चित्र आपणहून उचलून तिला दिलं. एकदाच.

"ती चित्रं चुलीत घाला," महाराज माइकवर गरजले. "पोराच्या आत सरस्वती आहे, चित्रांनी ती कोंडते. बुधवार बंद! एकवीस गुरुवार इथे!"

"बंद, महाराज," आई म्हणाली.

माझं डोकंच सटकलं.

नववीत शाळा सोडली म्हणून गाव मला वाया गेलेली म्हणतं. पण डोळे काय मी शाळेत जमा केले नाहीत. लिहिताना ओमकार वर पंख्याकडे बघत होता. परातीकडे एकटे महाराज बघत होते.

मी पुढे घुसले. "महाराज, मंडपात शिरताना ओमकारने माझ्या मुठीत एक वस्तू दिलीय. काय ती, लिहू दे की त्याला."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची कशाला? माझ्या भावाची."

"होऊन जाऊ दे!" मागून कोणीतरी ओरडलं.

महाराजांनी बोट धरलं, डोळे फिरवले. तांदळात उमटलं: फूल.

मी मूठ उघडली. बाटलीचं निळं बूच. ओमकारने झडप घालून ते घेतलं आणि फिरवत बसला.

"इथे पापी नजर आहे! शक्ती अडली!"

"मग हात सोडा ना. सरस्वती त्याच्या आत आहे, तर मूठ तुमची कशाला?"

"गप गो मेल्ये!" गोदाकाकी खेकसली.

"काकी, दसऱ्याला नातीचं बोट धरून तांदळात श्री कोण काढतं? तूच ना? मग लिहितं कोण, तू की ती?"

लोक कुजबुजायला लागले. महाराजांना हात सोडावाच लागला.

ओमकारने मूठभर तांदूळ उचलले आणि झिरझिर खाली सोडले. पुन्हा उचलले, पुन्हा सोडले. अक्षर एक नाही.

"म्हणजे ते आई... त्याने नव्हतं लिहिलं?" आईने मला विचारलं.

मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच ओरडले, "नाय!"

मंडपात कालवा सुरू झाला. ओमकारने कान झाकले. मग आईच्या पिशवीत हात घालून उपसाउपस केली आणि पेल्याचं चित्र तिच्या तळहातावर ठेवलं. त्याचा हात कुणीच धरला नव्हता.

आई डोळे पुसत पाणी आणायला उठली. महाराज माइकवर बोलतच होते. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

कुणी तुमच्या पोराचं बोट धरून त्याच्या मनातलं सांगायला लागला, तर पाया पडायच्या आधी एवढंच म्हणा: हात सोडा. आणि बुधवारी अंगणवाडीत या. कंटाळा येईल, आधीच सांगते. तिथे चमत्कार होत नाहीत, दहा आकडे मोजावे लागतात.