शेजारची सीट

माझ्या दादाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती काढायला पाना लागतो. बाबा गेले त्या वर्षी त्याच्या डोक्यात गाडी बसली.

गाडी म्हणजे आमच्या घराच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली बाबांची स्पोर्ट्‌स कार. दोन सीटांची, उघड्या टपाची, लाल. लाल आपलं म्हणायचं. ताडपत्री काढली तेव्हा ती जुन्या तव्याच्या रंगाची झाली होती, दार उघडलं तर बिजागर हातात आलं, आणि पायाखालचा पत्रा इतका सडला होता की आत बसून गॅरेजची फरशी दिसत होती. मी म्हटलं, "दादा, हिला भंगारवाल्याकडे तरी नेता येईल का, वाटेतच सांडेल." तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. घर आता पाडायचं ठरलं होतं. आई त्याच्या फ्लॅटवर राहायला जाणार होती आणि तिथे गॅरेज नव्हतं. तोवर गाडी चालती करायची आणि आईला तिच्यात बसवून एक फेरी मारून आणायची, अगदी बाबा न्यायचे तशी. बाबा गेल्यापासून आई फारच गप्प झाली होती. जेवायची, टीव्ही लावायची आणि त्याच्याकडे न बघता बसायची. दादाला वाटायचं, एकदा का ती त्या गाडीत बसली की पुन्हा बोलायला लागेल. मला तसं वाटत नव्हतं, पण मी दर रविवारी जात होते. मलाही बाबा हवे होते, दुसरं काय.

आम्हा दोघांनाही ती गाडी रस्त्यावर धावलेली आठवत नाही. मला आठवतात ते गॅरेजमधले बाबा. स्टेअरिंगमागे गुडघे दुमडून अवघडून बसलेले, मी मांडीवर, आणि दोघं तोंडाने भुर्रर्र करत निघालेले. बाबा हॉर्नसुद्धा तोंडाने वाजवायचे. गाडी जागची हलायची नाही आणि आम्ही समुद्रापर्यंत जाऊन यायचो.

मग सुरू झालं आमचं काम. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, सडलेला पत्रा कापायचा, वेल्डरला बोलावून नवा जोडून घ्यायचा, पुट्टी भरायची, घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. माझ्या नखांत इतका गंज बसला की ऑफिसात मी हात टेबलाखाली ठेवायला लागले. एकेक नट रॉकेलमध्ये भिजत पडायचा आणि दादा त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. "ये ना रे बाबा, सुट ना." बायकोशी तो इतक्या लाडाने बोलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि चौकशा! दादाने कुणाला म्हणून सोडलं नाही. बाबांच्या ऑफिसातल्या मित्राला जाऊन रंगाची छटा विचारली. बाबांच्या मावसभावाला फोन करून सीटचं कातडं काळं होतं की तपकिरी ते विचारलं. समोरच्या घरातले काका तर तासभर सांगत बसले. "तुमचे वडील गाडी काय आणायचे गल्लीत! एकदम शांत. घाई नाही, गडबड नाही. मी चालत पुढे निघून जावं इतकी संथ." दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आई मधूनमधून स्वयंपाकघराच्या दारातून चहाचे कप पुढे करायची. कप घ्यायचा, "थँक्यू आई" म्हणायचं, की आम्ही पुन्हा गाडीखाली.

एकदा फक्त ती म्हणाली, "सीट का मागे घेताय?"

त्याचं असं झालं होतं. चालवणाऱ्याची सीट अगदी पुढे, स्टेअरिंगला चिकटायची तेवढी बाकी, अशी गंजून अडकली होती. बाबा होते सहा फुटी ताडमाड. दादाने ठरवलं की हा कुणीतरी नंतर केलेला उपद्व्याप असणार. अर्धा रविवार आम्ही हातोडी आणि रॉकेल घेऊन त्या सीटशी झटापट केली, ती सोडवली, पार मागे बाबांच्या पायांच्या मापावर नेली आणि बोल्ट असे आवळले की भूकंपातही हलू नयेत. आईला दादा म्हणाला, "अगं, बाबांचे पाय केवढे लांब होते!" आई रिकामे कप घेऊन आत गेली.

गाडी तयार झाली आणि दिसली मात्र अशी, की मी माझे सगळे टोमणे मागे घेतले. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. गाडी अंगणात काढली, शेजारच्या सीटवरून फडका फिरवला, आणि हॉटेलच्या दरवानासारखं दार उघडून उभा राहिला.

"या, बाईसाहेब."

आईने गाडीकडे पाहिलं. बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग त्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला नाही बसायचं."

"आई, एकच फेरी."

"नको म्हटलं ना."

ती आत गेली आणि दादा पायरीवर मटकन बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि चेहरा शाळेत नापास झाल्यासारखा. "तिला बाबांची आठवण सहन होत नाही गं," तो म्हणाला. "चुकलंच माझं." मला त्याची दया आली आणि आईचा राग. मी तरातरा आत गेले.

"काय गं आई, वर्षभर राबला तो तुझ्यासाठी! बसली असतीस घटकाभर शेजारी तर काय बिघडलं असतं?"

"शेजारी!" आई एकदम उसळली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज इतका चढला नव्हता. "शेजारी बसायला मला ती गाडी कशाला हवी? शेजारी हे बसायचे."

मला काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे गाडी मी चालवायचे. तुझ्या बाबांना क्लच आणि ब्रेक एका वेळी कधी आठवले नाहीत. ते शेजारी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. मग दादा झाला, त्याला मांडीवर घ्यायचे. मग तू झालीस. दोन सीटांत चौघं कुठे मावणार? उभी राहिली गाडी."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?" ती म्हणाली. "सगळ्या गावाला विचारत फिरलात."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. वर्षभर आम्ही गेलेल्या माणसाला गॅरेजमध्ये शोधत होतो आणि जिवंत आई दारातून चहा देत होती.

"लायसन्स तर कधीच संपलं असेल," मी उगाच काहीतरी म्हटलं.

आईने पर्स उघडली आणि लायसन्स माझ्यापुढे धरलं. चालू होतं. 'जरा बँकेत जाऊन येते' म्हणून ती अधूनमधून जायची, त्यातल्या काही फेऱ्या बँकेच्या नव्हत्या, आरटीओच्या होत्या. "हे माहीत होतं फक्त यांना," ती म्हणाली आणि लायसन्स पुन्हा पर्समध्ये ठेवलं.

दादाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग पाना घेऊन सीटचे बोल्ट सैल करायला लागला. जिथून ओढून मागे नेली होती बरोबर तिथे ती परत आली. आई बसली, पाय पोचले. "उशी आण एक," तिने मला फर्मावलं. "आणि तू बस शेजारी. दादा नको, तो श्वास रोखून बसेल आणि मलाच घाबरवेल."

फाटकातच गाडी दोनदा बंद पडली. दादाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा गिअर असा करकरला की माझ्या दाढा शिवशिवल्या, आणि आम्ही निघालो. रविवारची सकाळ, रस्ते मोकळे. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत आई अंग आवळून बसली होती. मग खांदे खाली आले, हात सैल झाले. वाऱ्याने तिचे केस उडायला लागले आणि ती बोलायला लागली. बाबांनी एकदा 'बंद आहे' ही पाटी दुकानाचं नाव समजून वाचली ते, इथे पूर्वी पेट्रोल पंप होता ते, एकदा चाक पंक्चर झालं तेव्हा बाबा छत्री धरून उभे आणि ही जॅक लावतेय ते. मी नुसती ऐकत होते. ही बाई माझी आई आहे आणि मी तिला आज भेटतेय, असं वाटत होतं.

परत येताना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"काय झालं? दमलीस?"

"नाही गं. सवय." तिने स्टेअरिंगवरून हात काढले नव्हते. "इथे आम्ही जागा बदलायचो. तुझ्या आजीला सुनेने गाडी चालवलेली खपली नसती. इथून फाटकापर्यंत हे चालवायचे. पहिल्या गिअरमध्ये, गुडघे दुमडून, जीव मुठीत धरून. सगळ्यांना वाटायचं, काय शांत माणूस आहे."

मी तिच्याकडे वळले. "वाईट वाटायचं?"

"तेव्हा नाही वाटायचं," आई म्हणाली. "तेव्हा गंमत वाटायची, दोघांचं गुपित म्हणून. आता ते नाहीत तर गुपित कुणाबरोबर ठेवू?"

गल्लीच्या त्या टोकाला, फाटकात, दादा टाचा उंचावून आमची वाट बघत होता. इंजिन संथ धडधडत होतं. मी विचारलं, "बदलायची का जागा?"

"बस गप," आई म्हणाली.

तिने हॉर्न दाबला, चांगला लांबलचक. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. मग तिने गाडी वळवून गल्लीत घातली आणि फाटक यायच्या आत दुसरा गिअर टाकला.