सायबानं खाल्लेला तास

१९४२ सालचा ऑगस्ट संपत आला होता. अकोल्याच्या बागेत कुण्या मेलेल्या इंजिनिअर साहेबाच्या आठवणीसाठी उभारलेलं सावलीचं घड्याळ होतं, शेजारी दगडी बाक. त्या बाकावर माझी पोटुशी वहिनी, रुख्मिणी, तापानं थरथरत बसली होती आणि भोवती निम्मं गाव लोटलं होतं.

"सायबाच्या जागेवर बसून हिनं गजरे इकले!" मांत्रिक भुजंगबाबा चिमटा आपटत गरजला. "तो हिचा एक तास खाईन. उद्या बाराचे टोल पडतीन, पन सावली मांगंच राहीन. टोल अन् सावली जुळेपर्यंत हिले उठवू नका. दवा नाई, दाना नाई, पानी नाई."

"अन् नाई जुळले तं?" माझ्या आईनं, पार्बताबाईनं, विचारलं.

"तं आख्खीच खाईन."

दुसऱ्या दिवशी कचेरीचे बारा टोल पडले. एरवी टोलांमागोमाग सावली बारावर यायची. आज ती अकरालाही पोचली नव्हती. वहिनी पाणी मागत होती. आईनं तांब्या उचलला आणि बाबाकडे पाहून खाली ठेवला.

तेवढ्यात उर्दू शाळेच्या आबेदाबाई गर्दी सारून आल्या. त्यांनी मिटलेली छत्री मातीत रोवली.

"पार्बताबाई, हिची सावली कुठं पडली?"

"मावळतीकडं."

"मंग दुपार कुठं झाली? का या छत्रीतबी सायब मेला?" त्या कचेरीत टोल देऊन नुकत्याच आलेल्या अब्दुल गफ्फारांकडे वळल्या. "भाईजान, टोल कशावरून देले?"

"घडी देखके, बाई. रात को हुकूम आया. लडाई के वास्ते सब घड़ियाँ एक घंटा आगे."

"ऐका! पेपरात हे आधीच छापून आलं होतं. बाबानं वाचलं, तुमी नाई. सरकार घड्याळाले हुकूम देते, सूर्याले कोन देईन? लढाई चालू हाये तोवर हे जुळनारच नाई. तोवर पोरीले उपाशी ठेवता?"

"शाप लागन तुले!"

"लागू द्या. जुन्या टायमानं का नव्या?"

कुणीतरी हसलं. आईनं तांब्या वहिनीच्या तोंडाला लावला.

वहिनी दवाखान्यातल्या कुनैनवर वाचली. पोटातलं बाळ गेलं. आबेदाबाई म्हाताऱ्या होईपर्यंत पोरींना गणित शिकवत राहिल्या. लढाई संपून घड्याळं पुन्हा मागं आली, तेव्हा भुजंगबाबा मूर्तिजापुरात सायबाचं भूत उतरवल्याबद्दल हार घालून घेत होता. म्हणून सांगते, आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या, चमत्कार मग सवडीनं पाहा.

आईनं भुताला कधी बोल लावला नाही. "पानी मीच नाई देल्लं," एवढंच म्हणायची.