रेनाताच्या पणजीचा फोटो

"तुमच्या ह्या शारजात उजेडच मेला वाईट. चांगली पोर घरात बसून काळवंडते," प्रमिलाबाई पुटपुटल्या. नातीच्या मानेवर त्या बोटांनी क्रीम चोळत होत्या, आणि पुटपुटणं इतकं कानाशी होतं की मैथिलीला ऐकू आलं नाही असं दाखवायचीही सोय नव्हती.

"आजी, प्लीज. आय ॲम लेट. अँड इट बर्न्स."

"जळतं म्हणजे लागू पडतंय. गप उभी राहा गो."

सुनेत्रा ओट्यापाशी डबे भरत होती. ती वळली आणि सासूच्या हातातली डबी तिला दिसली. पांढरी, गोल, हिरव्या झाकणाची. तिच्यावर ना नाव, ना गाव.

"ही कुठून आली?"

"विजयनं आणली. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवसांत फरक."

सुनेत्राचा नवरा विजयकुमार टेबलाशी फोन वाचत होता. त्याने मान वर केली नाही. "यल्ला, चल मैथिली, ऑफिसची बस जाईल तुझी."

सुनेत्राने पोळी डब्यात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

रविवारी दुबईतल्या अल मनखूलहून निनाद आणि त्याची आई मैथिलीला बघायला येणार होते. निनाद आणि मैथिलीचं फोनवर महिनाभर छान जमलं होतं. बोलता बोलता मैथिली स्वतःशी हसायची, आणि ते हसू पाहून सुनेत्राला सुख आणि भीती एकदमच वाटायची. कारण निनादच्या आईकडे गेलेला फोटो सुनेत्राने स्वतः उजळवला होता. तिचा धंदाच तो. बर दुबईत, मीना बाझारमागच्या गल्लीत, शौकतभाईंच्या फोटो स्टुडिओत ती सोळा वर्षं फोटोंतले चेहरे दुरुस्त करत होती. काम कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघून, चुकून, पुन्हा करून ती स्वतःच शिकली होती.

तिने उजळवलेला पहिला चेहरा बैठकीच्या भिंतीवर होता, चंदनाच्या हारात. प्रज्ञा, विजयकुमारची धाकटी बहीण. चिपळूणला आईजवळ राहायची. सावळी म्हणून तिला चौदा स्थळांनी नाकारलं. मग सुनेत्राने फोटो गोरा केला, आणि फोटोला शोभेल अशी मुलगी करायला विजयकुमार दर खेपेला सामानातून डब्या पाठवू लागला. हिरव्या झाकणाच्या. सहा वर्षांनी प्रज्ञाच्या पायांवर सूज आली. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "त्वचेला काही लावते का ही? गोरेपणाच्या मलमांत पारा असतो." तेव्हा खोलीत तिघं होती. प्रमिलाबाई म्हणाल्या, "नाही." विजयकुमार खिडकीबाहेर बघत राहिला, सुनेत्रा जमिनीकडे. प्रज्ञा गेली त्याला नऊ वर्षं झाली. कुणी विचारलं की घरात ठरलेलं उत्तर होतं: पाणी बाधलं.

सकाळी डबी दिसली, त्याच दिवशी स्टुडिओत रेनाता आली. अल नहदाच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. उंच, काळी, केसांवर पिवळा रुमाल, देश मेक्सिको. मेक्सिकोत काळी माणसं असतात हे शौकतभाईंना पटलेलंच नव्हतं. "मॅडम, खरं सांगा, आफ्रिकेतून ना?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "चारशे वर्षांपूर्वी, हो," ती हसून म्हणाली होती. "त्यानंतर तिकीट नाही काढलं."

तिने पणजीचा एक तडकलेला फोटो नीट करायला दिला होता. डोक्यावर माशांची टोपली, उघडे दंड, मागे समुद्र. शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, त्यात तो मोठा करून लावायचा होता.

सुनेत्राने पडद्यावर फोटो उघडला. भेगा गेल्या होत्या, डाग गेले होते.

रेनाता पडद्याजवळ वाकली. "काम फार स्वच्छ आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "पण ही बाई कोण?"

आणि सुनेत्राला दिसलं. भेगा बुजवता बुजवता हात सवयीने पुढे गेला होता. कपाळ, गाल, गळा, दंड, सगळं गव्हाळ झालं होतं. नाकाची कड बारीक झाली होती. पडद्यावरून जी बाई बघत होती, ती तिच्या बैठकीतल्या भिंतीवर होती. तोच रंग, तेच हनुवटीवरचं उसनं तेज. टोपलीखालून प्रज्ञा बघत होती.

"सॉरी," सुनेत्रा म्हणाली. "आय डिडन्ट... सवयीने झालं."

रेनाता चिडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढली. "माझ्या मावश्यांनी तुझे आभार मानले असते. आमच्याकडे म्हणतात, गोऱ्याशी लग्न कर, वंश सुधार. आमचे लोक बेड्या घालून जहाजांतून आणलेले. खाणींत राबले, उसात राबले, आणि मग देश आम्हाला विसरला. आत्ता आत्ता, शिरगणतीत आमच्यासाठी पहिल्यांदा रकाना आला. माझी आई त्या कागदावर खूण करताना रडली." ती थांबली. "पणजीला परत आण. प्लीज."

मूळ प्रत होती. सुनेत्राने चढवलेल्या उजळ रंगाचा एकेक थर काढला, आणि ती काळीभोर, डोळ्यांत मिश्कील भाव असलेली बाई परत आली.

रेनाता गेल्यावर सुनेत्राने जुनी फाइल शोधली. प्रज्ञा. आत एकच फोटो, गोरा. तेव्हा ती शिकाऊ होती, मूळ फोटोवरच काम केलं होतं. प्रत ठेवायची अक्कल नव्हती. तिने डोळे मिटून नणंदेचा खरा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मिटल्या डोळ्यांसमोरही फोटोच आला.

"काय झालं, वहिनी?" शौकतभाईंनी विचारलं. "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः आपल्याच स्टुडिओत उजळवलेला फोटो बघून निकाह केला. एअरपोर्टवर बायको समोर उभी, आणि मी तिच्या मागे फोटोतलीला शोधतोय!"

संध्याकाळी तिने विजयकुमारला बाजूला घेतलं. "ती डबी फेकली मी. प्रज्ञासारखं..."

"सुनू, खलास, विषय संपला. ही वेगळी आहे, चांगल्या दुकानातली. आणि जुनं उकरू नकोस, आईला लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंच्या हातात डबी होतीच. एकावर एक फ्री मिळाली होती.

शुक्रवारी दुपारी सुनेत्रा मैथिलीला घेऊन प्रदर्शनाला गेली. विजयकुमार कामावर, सासूबाई एकट्या कशा राहणार, म्हणून त्याही आल्या. "मला खुर्ची असली की झालं," म्हणाल्या.

खुर्च्या होत्या, पण त्या बसल्या नाहीत. एका भिंतीवर लाकडी मुखवटे होते, शिंगांचे, घोड्याच्या केसांच्या दाढ्यांचे. रेनाताच्या गावात पितरांच्या दिवसांत ते लावून पुरुष पाय आपटत नाचतात, मेलेल्यांना सोबत म्हणून. शेजारी शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं होती: जहाजं, ढोल, नारळीची किनारपट्टी, काळ्या बायांचे लालबुंद घागरे. आणि मधोमध पणजी, माणसाहून मोठी, आपल्या रंगात.

प्रमिलाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या त्या हलेनात. "विचार गो हिला," त्या शेवटी म्हणाल्या, "हिचं लग्न झालं होतं का?"

मैथिलीने विचारलं. "दोनदा," रेनाता म्हणाली.

"आणि रंगावरून कुणी बोललं नाही?"

"सगळे बोलले. तिने सगळ्यांना उत्तरं दिली."

प्रमिलाबाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "टोपली धरलीय कशी बघ," त्या हळूच म्हणाल्या. "आमची पोर पण अशीच धरायची. कोपर बाहेर काढून." टॅक्सीत सुनेत्राला वाटत राहिलं, मागच्या सीटवर चौथं कुणी बसलं आहे.

शनिवारी सकाळी मैथिलीने सवयीने मान पुढे केली. आजी म्हणाल्या, "आज राहू दे."

रविवारी निनाद आणि त्याची आई शुभ्राताई आले. पोहे झाले, चहा झाला, ट्रॅफिकची निंदा झाली. निनाद आणि मैथिली एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते.

"फोटोत जरा वेगळी दिसते नाही?" शुभ्राताई गोड हसत म्हणाल्या.

"मी उजळवला होता," सुनेत्रा म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "चुकलं माझं. हा खरा." तिने फोन पुढे केला.

"अहो, आम्ही रंगबिंग बघत नाही! फक्त मनात आलं म्हणून... आणि मानेवर ते लाल काय?"

"उष्णता," विजयकुमार घाईने म्हणाला. "इथली हवा."

"आई, इनफ," निनाद पुटपुटला.

"अरे, विचारायला नको? लग्नाची गोष्ट आहे, घराण्यात काही आजार असला तर... तुमची बहीण फार लवकर गेली म्हणे. कशानं?"

विजयकुमारने कप खाली ठेवला. "पाणी बाधलं तिला. चिपळूणला तेव्हा..."

"पाणी कसलं बाधतंय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आई, राहू दे. तुला त्रास होईल."

"नऊ वर्षं मी गप्प बसले, तुला त्रास होईल म्हणून. तू गप्प, मला होईल म्हणून." आता त्या शुभ्राताईंशी बोलत होत्या, पण बघत होत्या मैथिलीकडे, तिच्या सोललेल्या मानेकडे. "गोरं व्हायच्या मलमानं गेली माझी मुलगी. हा पाठवायचा, ही सून सामानात भरायची आणि मी चोळायचे. डॉक्टरनं विचारलं, काही लावते का, तर मी तिच्या उशाशी उभी राहून नाही म्हटलं. लाज वाटली मला. पोरीपेक्षा लाज मोठी झाली. तिला कसला आजार नव्हता, बाई. ती काळी होती. आपण मारलं तिला."