साध्या पाण्याचा थेंब

मिठाच्या पाण्याची बाटली तिने फडताळात मागे ढकलली आणि लाल कांद्याच्या पापुद्र्यावर साध्या पाण्याचा थेंब सोडला. वर पातळ काच अलगद ठेवली. या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिने दुसरं केलं काय होतं!

सरांच्या पुस्तकातल्या चौऱ्याऐंशी आकृत्या तिच्या हातच्या. डोळे दुखेस्तोवर सूक्ष्मदर्शकात बघून काढलेल्या. छापून आल्या तेव्हा खाली नाव सरांचं. तिने विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही काचा पुसा." ते अजून सलत होतं. आज त्याच आकृत्यांसाठी सरांना पारितोषिक द्यायचं की नाही ते ठरणार होतं, आणि परीक्षक मॅडम समोर बसल्या होत्या.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यासारखं केलं.

"बघा मॅडम, मिठामुळे पेशीतलं पाणी बाहेर गेलंय. आतलं पटल आकसून भिंतीपासून सुटलंय. भिंत मात्र जागच्या जागी. माझ्या आकृतीत आहे अगदी तस्संच!"

मॅडम वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"कुठे सुटलंय? पटल तर भिंतीला चिकटून आहे."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई! काय घातलंत यात?"

"साधं पाणी, सर. मला वाटलं, तुम्ही बघाल."

तिला आतून इतकं बरं वाटलं, की त्याची लाजही वाटली नाही.

सर सावरून हसले. "सहायकांच्या चुका, दुसरं काय! मिठाचं घाला आता."

तिने काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो आत ओढून घेतला. पाच मिनिटं जाऊ दिली. मग मॅडमनी पुन्हा बघितलं. पटल सुटलं होतं, भिंत तशीच उभी होती. त्यांनी सरांचं पुस्तक मिटलं आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आता दिसतंय. काढून दाखवा."

सर कागदाकडे बघत राहिले. "चष्मा घरी राहिला वाटतं."

"खिशात आहे, सर," ती म्हणाली.

तिने आपली पेन्सिल काढली, सावकाश टोक केलं आणि सरांच्या हातात दिली.